पहिल्या बाराचा गाल

गज ओढायला ताकद लागत नाही, सवय लागते, असं म्हातारा म्हणायचा. तो हे खिडकीशी स्टुलावर बसून म्हणायचा आणि गज ओढायची धाकटी. त्यामुळे ताकद की सवय यावर त्या घरात कधी वाद झाला नाही.

धाकटी म्हणजे घरातली तिसरी सून. थोरल्या दोघी आपापले नवरे घेऊन केव्हाच शहराला निघून गेल्या होत्या. घरात सून म्हणून ही एकटीच उरली, कानशिलावर केस पिकायला लागले, तरी ती आपली धाकटी ती धाकटीच. थोरलेपण शहरात गेलं आणि काम तेवढं मागं राहिलं.

ते घर ठासणीच्या बंदुकांचं. तोंडातून दारू भरायची, वरून गोळी घालायची आणि सळईनं ठासायची, असल्या जुन्या चालीच्या बंदुका. एके काळी रानडुकरांवर चालायच्या. आता डुकरं होती तशीच होती, पण बंदुका घ्यायचे ते हौशी लोक, भिंतीवर टांगायला आणि वर्षातून एकदा माळावर जमून नेम धरायला.

भिंतीच्या कडेनं लांबलचक बाक होता. त्याच्या एका टोकाला नळी आवळून बसवलेली, दुसऱ्या टोकाला मांडीएवढं गोल लाकूड, त्याच्या अंगावर पिळाच्या चरी. त्या लाकडाला गज आणि गजाच्या टोकाला हरभऱ्याएवढा पोलादी दात. लाकूड ओढलं की ते पिळानं फिरत यायचं, गज फिरायचा आणि नळीच्या पोटात दात एक आटा कोरत यायचा. एका ओढीला निघायचा फुंकरीनं उडेल एवढा कीस. मग पुन्हा आत ढकल, पुन्हा ओढ. दात लागेनासा झाला की त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकव, म्हणजे तो केसभर वर येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे आटे पाडले म्हणजे गोळी गरगरत सरळ जाते. गोळी सरळ जावी म्हणून धाकटीचा उजवा खांदा खाली उतरला होता. पोलक्याचं माप घेताना शिंपी एकदा म्हणाला होता, "बाई, जरा सरळ उभ्या राहता का?" ती सरळच उभी होती.

यंदा पाऊस लांबला होता आणि त्याच्या जागी धूळ आली होती. सकाळी वारा सुटायचा तो दिवे लागेपर्यंत. धूळ तेलात बसायची, दातांत करकरायची, पापण्यांवर पिठासारखी साचायची. धाकटी तोंडाला फडकं बांधून ओढत होती. ढकल, ओढ. ढकल, ओढ.

टक.

तिचा हात थांबला. आवाज कसला, कानाला तो ऐकूही आला नव्हता. गजातून तळव्यात आला होता, जिन्याची एक पायरी कमी असावी तसा. तिनं गज आत ढकलला आणि हळू ओढला. नळीच्या बुडापासून वीतभर अंतरावर पुन्हा तेच.

आदल्या आट्यालाही तिथंच लागलं होतं. त्याच्या आदल्यालाही. तेव्हा तिनं धूळ म्हणून सोडून दिलं होतं.

"थांबलीस का गं?" खिडकीतून म्हातारा म्हणाला.

"दात पुसते, मामंजी."

"पूस, पूस. या धुळीनं डोळ्यांची माती केली. धड उजेडसुद्धा येत नाही खिडकीतून."

ती खिडकी म्हणजे म्हाताऱ्याची गादी होती. चौकटीत आडवा काळा दोरा ताणलेला. नळी त्याच्यासमोर धरून एका टोकानं आत बघितलं की दोऱ्याची सावली नळीच्या पोटात सरळ रेघ होऊन पडते. नळी कुठं वाकली असेल तर तिथं रेघ लचकते. मग शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोड्याचा एक हलका ठोका, पुन्हा बघ. हे बघणं आयुष्यभर त्याचंच. आणि त्या घरची रीत अशी, की ज्यानं नळी बघून पास केली, पहिला बारही त्यानंच काढायचा. झाडाला बांधून नाही, लांबून दोरी ओढून नाही. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला गाल लावून. बघणाऱ्याचा गाल पणाला असला की बघणारा नीट बघतो, एवढा साधा हिशेब. म्हाताऱ्याच्या थोरल्या भावाचा गाल असाच गेला होता, डोळ्यासकट. तो पुढं कितीतरी वर्षं ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि पोरं त्याला त्या बाजूनं पाणी द्यायला भ्यायची.

सासू चहा घेऊन आली. ती मागच्या अंगणात गोळ्या ओतत होती, शिशाच्या धगीनं तोंड लाल झालेलं. तिनं कप म्हाताऱ्यासमोर ठेवला नाही. त्याचा हात धरला, बोटं कपाच्या कानाला लावून दिली आणि मग सोडलं.

"लहान पोर आहे का मी?"

"पोर बरं. परवा अर्धा कप मांडीला पाजलात. मांडीनं पुन्हा मागितला नाही म्हणून बरं."

म्हातारा हसला. धाकटीही फडक्याआड हसली, पण सासू हसत नव्हती. जाताना तिनं धाकटीकडे बघितलं, आणि धाकटीनं खाली दाताकडे.

*

नवरा मागं भट्टीशी कोळसा फोडत बसला होता. त्याचा हात लागेल तिथं काळं उमटायचं, घरातल्या प्रत्येक दाराची कड त्याच्या पंजानं रंगलेली.

"अहो, ही नळी लागतेय."

"कुठं?"

"बुडाशी. दर आट्याला, त्याच जागी."

"धूळ असेल."

"धूळ एकाच जागी बसून राहते होय? तिथं काय सावली आहे?"

तो कोळसा फोडत राहिला. मग हातोडी खाली ठेवून त्यानं कपाळ पुसलं, म्हणजे तेही काळं केलं.

नळी करायची म्हणजे लोखंडाची पट्टी लाल करून सळईभोवती वळायची आणि तिच्या दोन कडा टाकणखार लावून एकजीव करायच्या. लोखंड पांढरंफट्ट होऊन त्याला घाम आल्यासारखं दिसायला लागलं की त्या क्षणी घण. आधी मारला तर कडा नुसत्या शेजारी बसतात, एक होत नाहीत. वरून काही कळत नाही. तो क्षण सांगायचा मान म्हाताऱ्याचा. तो भट्टीशी उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "काढ."

"त्या दिवशी," नवरा म्हणाला, "बाबा म्हणाले काढ. मला काही घाम आलेला दिसला नाही."

"मग?"

"मग काय. काढलं."

"अहो, तुम्हाला दिसलं नव्हतं ना?"

"त्यांना दिसलं म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत साय धरलीय, त्यांना सगळंच चकाकतं. दिवासुद्धा घामेजलेला दिसत असेल." तो जमिनीकडे बघत होता. "मी कसा सांगू? माझ्या हाती सांडशी त्यांनी दिली. तू सांग."

"मी सून आहे."

"म्हणून तर. माझ्या तोंडून ऐकलं तर ते भट्टीवर पाणी ओततील. तुझ्या तोंडून ऐकलं तर नुसते जेवणार नाहीत."

धाकटीला हसूही आलं आणि त्याच्या टाळक्यात कोळशाची पाटी घालावीशीही वाटली. दोन्हीला अंगात त्राण नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. वारा होता तसाच होता. म्हणजे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. सासूला कपाच्या कानावरून, नवऱ्याला भट्टीवरून, तिला गजावरून. तिघं मिळून एक अख्खं सत्य तीन ठिकाणी लपवून बसले होते, आणि ज्याचे डोळे होते तो एकटा सांगत होता की धूळ फार आहे.

*

या बंदुकीचं गिऱ्हाईक बार काढायच्या आदल्या दिवशीच आलं. त्याला घरात सगळे छांदिष्ट म्हणायचे, तोंडावर साहेब. त्याच्याकडं एक अख्खी खोली जुन्या बंदुकांची होती आणि तो त्यांच्याविषयी असं बोलायचा जसं लोक लेकींच्या स्थळांविषयी बोलतात. नमुना म्हणून आणलेली त्याची शंभरेक वर्षं जुनी बंदूक अजून कोपऱ्यात उभी होती. ती पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यावरच म्हाताऱ्यानं तिच्या तोंडात ठासणीची सळई सोडली होती, अंगठ्यानं खूण धरली होती आणि सळई बाहेरून नळीशी लावून बघितली होती. सळई बुडापर्यंत पोचत नव्हती. कुणाच्या तरी पणज्यानं भरून ठेवलेली गोळी आत तशीच होती. छांदिष्टानं ती भरलेली बंदूक त्याआधी वर्षभर पलंगाच्या वर टांगली होती. तेव्हापासून तो म्हाताऱ्याला मामा म्हणू लागला.

"मामा, उद्या मी शूटिंग घेणार," तो मोबाईल काढून म्हणाला. "तुम्ही गाल लावून पहिला बार काढताना. आमच्या लोकांना खरंच वाटत नाही. म्हणतात, असं करणारं कुणी राहिलंय का?"

"राहिलंय की," म्हातारा म्हणाला. त्यानं उजवा गाल तळव्यानं चोळला. बार असला की आदल्या दिवसापासून त्याचा हात असा गालावर जायचा. दाढी नीट झालीय का बघतो, असं सासू म्हणायची. "किती बार काढले विचार हिला."

"मला काय विचारता," सासू म्हणाली. "मी दरवेळी घरी डोळे मिटून बसते."

छांदिष्ट मोठ्यानं हसला. नवरा दाराशी उभा होता, तोही हसल्यासारखं करून आत गेला. धाकटीनं नळीला तेल लावलं. शेवटचा आटा तिनं दुपारीच संपवला होता. ओढताना प्रत्येक वेळी ते टक खांद्यात साठत गेलं होतं, आणि आता हात मोकळा असूनही खांद्यात ते वाजत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटायच्या आत तिनं नळी पुन्हा बाकावर चढवली. सासरा तोंड धुऊन येत होता, भिंतीला बोटं लावत लावत.

"मामंजी, जरा हात लावता?"

"कशाला?"

"ओढून बघा."

"आता काय ओढायचं? झालंय ना?"

"माझा खांदा धरलाय. मला नीट कळत नाही." ही गोष्ट अर्धी खरी होती, म्हणून ती तिला सरळ तोंडानं सांगता आली.

म्हातारा बाकाशी आला. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून त्यानं गज धरला नव्हता. त्याआधी कितीतरी वर्षं तोच धरत असे. बोटं लाकडावर पडली आणि आपापल्या जागी गेली. त्यानं ढकललं. ओढलं. अर्ध्यावर त्याची मान किंचित कलली, कुणी मागून हाक मारावी तशी.

त्यानं दात काढला, धोतराला पुसला, जिभेवर धरून बघितला. बसवला. पुन्हा ओढलं.

"धूळ आहे," तो म्हणाला.

धाकटीनं तेलाची वाटी पुढं सरकवली.

त्यानं दुसऱ्या आट्यात दात घातला. ओढलं. तिसऱ्यात घातला. आता तो डोळे मिटून ओढत होता आणि तसा तो फार तरुण दिसत होता.

"धूळ आहे," तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी बऱ्याच उशिरानं.

मग तो खिडकीशी जाऊन बसला आणि नळीशिवायच दोऱ्याकडे बघत राहिला. धाकटीनं नळी दस्त्यावर चढवायला नवऱ्याकडे दिली. तिला वाटलं होतं, एकदा त्याच्या हाताला कळलं की झालं. पण हाताला कळणं आणि तोंडानं म्हणणं यांच्यात एवढा मोठा माळ असेल, हे तिला माहीत नव्हतं.

*

बार काढायची जागा गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात. एका बाजूला उंच दरड, तिच्यापुढं वठलेलं एक झाड. छांदिष्टानं पुढं जाऊन जागा बघितली, मोबाईल कसा धरायचा ते दोनदा करून बघितलं. सासूही आली होती. ती कधी येत नसे.

म्हाताऱ्यानं सगळं स्वतः केलं. दारू मापानं घातली, चिंधीत गुंडाळलेली गोळी बसवली, ठासली. ठासणीच्या सळईवरची खूण बोटानं चाचपून बघितली. मग बंदूक उचलून खांद्याशी आणली. छांदिष्ट एका गुडघ्यावर बसला.

नवऱ्यानं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं तोंड उघडलं. घशात धूळच होती. "मामंजी," ती म्हणाली, पण ते इतकं बारीक आलं की तिचं तिलाच ऐकू आलं असेल.

म्हाताऱ्यानं गाल दस्त्याशी नेला. टेकवला नाही. तसाच थांबला. त्याच्या मानेतली शीर उडताना दिसत होती. मग त्यानं बंदूक खाली घेतली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "दोरी आण."

"काय?" नवरा म्हणाला.

"दोरी. गाडीला बांधायची आण. झाडाला बांधू."

छांदिष्ट उठला. "मामा, हातात धरून म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग आज...?"

"आज दोरीनं," म्हातारा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ते यंत्र ठेव खिशात. दोरी ओढताना माणूस काही चांगला दिसत नाही."

बंदूक झाडाला बांधली. चापाला दोरी, दोरी दरडीमागं. म्हातारा भाच्यांच्या लग्नात मागं मागं उभं राहणाऱ्या गरीब पाहुण्यासारखा दरडीमागं उभा राहिला आणि ओढली. बार झाला. धूर वाऱ्यानं लगेच फाटला. नळीला काही झालं नव्हतं.

"बघा," छांदिष्ट म्हणाला, "एकदम ठणठणीत. उगाच घाबरलात. आता धरा हातात, एकच."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाणी शिंपडल्यासारखं झालं. धाकटीला क्षणभर वाटलं, आपलाच खांदा खोटं बोलत होता. तसं असतं तर तिनं आनंदानं खोटं ठरून घेतलं असतं.

म्हातारा नळीपाशी गेला. ऊन झालेल्या नळीवरून त्यानं बोट फिरवत नेलं, बुडाशी वीतभर अंतरावर थांबवलं. नख लावलं.

"भर," तो मुलाला म्हणाला. "या वेळी दुप्पट."

दुसरा बार वेगळाच वाजला. कोरडा, फाटका. कावळे उडाले. ते झाडापाशी गेले तेव्हा नळीला बुडाशी बोटभर लांब चीर गेली होती, तोंड किंचित उघडं, जसं झोपलेल्या माणसाचं असतं. दस्त्याचा एक तुकडा उडून झाडाच्या खोडात रुतला होता. गाल असतो तेवढ्या उंचीवर.

सासूनं मिटलेले डोळे उघडले, जवळ येऊन तुकडा बघितला आणि तो खोडातून उपटायला लागली. तो निघेना. ती ओढत राहिली.

छांदिष्ट पांढरा पडला होता. तरी म्हणाला, "मामा, ही नळी मला द्याल? फुटलेलीच. जपून ठेवीन."

"नको," म्हातारा म्हणाला. "भिंतीवर टांगायला तुझ्याकडं पुष्कळ आहेत. ही आमची."

"आणि आमचा मेळावा?"

"यंदा दुसऱ्याची बंदूक बघ."

परत येताना वारा समोरून होता. म्हातारा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. आजवर तो हात त्यानं कधी ठेवला नव्हता, आणि आता ठेवलाय हे कुणालाच दिसलं नाही, असं सगळ्यांनी दाखवलं.

*

म्हातारा खरोखर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला. तिसऱ्या दिवशी भट्टी पेटली तेव्हा तो भट्टीकडे गेलाच नाही, बाजेवर पडून राहिला. मागून नवऱ्याचा आवाज आला, "काढू का, बाबा?"

बाजेवरून उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं घणाचा आवाज यायला लागला.

नवी नळी झाली, पोखरून झाली. धाकटीनं बाक पुसला, तेलाची वाटी भरली, दाताला धार लावली. फडकं तोंडाला बांधत होती तेवढ्यात म्हातारा आला, भिंतीवरून बोटं फिरवत. खिडकीकडे वळला नाही. बाकाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं लाकडावर हात ठेवला.

"हो बाजूला."

"मामंजी, तुम्ही?"

"याला डोळे लागत नाहीत."

"खांदा लागतो."

"लागतो का? मी तर सांगत होतो की सवय लागते." त्यानं तिच्याकडे तोंड केलं, पण जरा चुकीच्या जागी, तिच्या कानाशेजारी. "जा. खिडकीशी बस. नळी बघ आधी, मग मी ओढतो."

मागच्या दारात सासू येऊन उभी राहिली होती, हातात शिशाची पळी. "म्हणजे पहिला बार?" ती म्हणाली.

"रीत तुला माहीत आहे," म्हातारा म्हणाला.

सासूनं धाकटीकडे बघितलं. या घरात आल्यापासून तिनं असं बघितलेलं धाकटीला आठवत नव्हतं, एखाद्या निघालेल्या माणसाकडे बघावं तसं. मग पळीतलं शिसं गार व्हायला लागलं म्हणून ती वळली.

धाकटी स्टुलावर बसली. स्टूल मधोमध खोलगट झालं होतं, दुसऱ्याच्या अंगाचं. तिचं अंग त्यात नीट बसेना. बसल्या बसल्या पाठीतून अशी काही कळ उतरली की पुन्हा कधी उठूच नये वाटलं. तिनं नळी उचलली, दोऱ्यासमोर धरली आणि एक डोळा मिटला.

आधी नुसतं चांदणं दिसलं, गोल गोल. मग श्वास धरला तेव्हा रेघ दिसली. दोऱ्याची सावली, काळी, बारीक, लांबवर जाणारी. अर्ध्याच्या पुढं ती केसभर लचकली होती.

"जराशी वाकडी आहे," ती म्हणाली.

"कुठं?"

"अर्ध्याच्या पुढं. डावीकडे."

"मग मार. हळू. लोखंडाला कळेल एवढंच, नळीला लागू नये."

तिनं नळी शिशाच्या ठोकळ्यावर ठेवली, हातोडा उचलला. मारला. पुन्हा खिडकीशी धरली. रेघ सरळ झाली का? झाली होती. की तिला व्हावी असं वाटत होतं म्हणून दिसत होती? तिनं नळी फिरवली, पुन्हा बघितलं. पुन्हा फिरवली. बाहेर वारा सुटला, दोऱ्यावर धूळ बसायला लागली. तिनं तो फुंकून पुसला आणि परत बघितलं. बाकाशी म्हातारा लाकडावर हात ठेवून मुकाट उभा होता. घाई करत नव्हता.

तिचा मोकळा हात केव्हा वर गेला ते तिला कळलं नाही. तळवा उजव्या गालावर होता, आणि ती तो हळूहळू चोळत होती.